दार आपोआप उघडत नाही

जपान पाहून परतलेल्या आपल्याकडील मध्यमवर्गीय प्रवाशांच्या बोलण्यात टोकियोच्या टॅक्सीचा उल्लेख हमखास येतो. गाडी जवळ येऊन थांबते, मागचे दार आपोआप उघडते, पांढरे हातमोजे घातलेला चालक मान लववून स्वागत करतो, मीटरवर दिसेल तेवढेच पैसे घेतो आणि वर चार नाणी देऊ केली तर ती नम्रपणे परत करतो. हे वर्णन खरे आहे. काही आठवडे त्या शहरात राहण्याचा योग मला आला, तेव्हा मीही हेच अनुभवले. माझा आक्षेप वर्णनाला नाही, त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. ‘शेवटी शिस्त रक्तातच असावी लागते, आपल्या लोकांना हे जन्मात जमणार नाही,’ असे म्हणून हे गृहस्थ चहाचा पेला खाली ठेवतात आणि श्रोते माना डोलावतात.

वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या वाक्यात एक संपूर्ण राजकारण दडलेले आहे. श्रमिकाचे वर्तन त्याच्या वंशावरून ठरते, कायदा, वेतन, संघटना यांच्याशी त्याचा संबंध नसतो, हे त्यातील पहिले गृहीत. आपला श्रमिक मुळातच बेशिस्त असल्यामुळे त्याला हक्क देण्यापेक्षा धाकात ठेवणे बरे, हे दुसरे. पहिले मान्य केले की दुसरे आपोआप गळी उतरते. म्हणून टॅक्सीसारख्या किरकोळ दिसणाऱ्या विषयाचा येथे जरा विस्ताराने विचार करावयाचा आहे. वस्तुतः ज्या दाराचे एवढे कौतुक होते, ते दारसुद्धा आपोआप उघडत नाही. चालक आपल्या आसनाजवळची तरफ ओढतो, तेव्हा ते उघडते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास ही सोय सर्वत्र झाली. पाहुण्याला ती तरफ दिसत नाही, एवढेच. त्या शहरातील टॅक्सीव्यवस्थेच्या बाकीच्या तरफाही अशाच पाहुण्याच्या नजरेआड आहेत.

पाहुण्याला काय दिसते

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी पाहू. टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई वस्तीत आज भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यात मराठी घरे पुष्कळ आहेत. २०१९ साली त्या विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. आपल्या अनेक वाचकांची मुलेबाळे तेथे आहेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या आईवडिलांना या माहितीचा उपयोग होईल.

टॅक्सी रस्त्यावर हात करून थांबवता येते, किंवा स्थानकाबाहेरच्या थांब्यावर रांगेत उभे राहून मिळते. काचेमागे दिवा लाल असेल तर गाडी रिकामी आणि हिरवा असेल तर भरलेली, असा बहुतेक गाड्यांचा रिवाज आहे. आपल्या सवयीच्या हा अगदी उलट असल्याने नवखा माणूस हिरव्या दिव्याला हात करीत बसतो. बसावयाचे मागच्या डाव्या दाराने, आणि दाराला हात लावावयाचा नाही. बहुतेक रस्त्यांना तेथे नावेच नाहीत. पत्ता वस्ती, तुकडा आणि घर यांच्या क्रमांकांनी सांगितला जातो. म्हणून मुक्कामाचा पत्ता जपानी लिपीत लिहून खिशात ठेवावा. उतरताना पावती अवश्य घ्यावी. तिच्यावर कंपनीचे नाव व गाडीचा क्रमांक असल्याने विसरलेली पिशवी शोधता येते. गिंझा या चैनीच्या वस्तीत कामाच्या दिवशी रात्री दहा ते एक या वेळात ठरावीक भागात नेमलेल्या थांब्यांवरूनच टॅक्सीत बसता येते. कितीही श्रीमंत गिऱ्हाइकाने रस्त्यात हात केला तरी चालक थांबत नाही, कारण त्याला तशी मनाईच आहे.

भाड्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार मध्य टोकियोत पहिल्या १०९६ मीटरला ५०० येन आणि पुढे दर २५५ मीटरला १०० येन पडत. गाडी कोंडीत अडकली तर वेळेचे पैसे वेगळे, आणि रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जास्त. या दराने पाच किलोमीटरला सुमारे २१०० येन होतात. २०२३ च्या दरवाढीनंतर त्याच शहरातील भुयारी रेल्वेचे किमान भाडे १८० येन होते आणि सहा किलोमीटरपर्यंत ते पुरते. म्हणजे एकट्या माणसाला टॅक्सी जवळजवळ बारापट महाग पडते.

या बारापटीकडे नीट पाहिले पाहिजे. टोकियोचा कामगार, कारकून, शिक्षक रोज टॅक्सीने जात नाही, आणि त्याला जावे लागतही नाही. ३४.५ किलोमीटरची यामानोते ही वर्तुळाकार रेल्वे, तिच्यावरची ३० स्थानके, भुयारी रेल्वेचे १३ मार्ग आणि त्यांना जोडलेल्या उपनगरी गाड्या मिळून या शहराची वाहतूक पेलतात. टॅक्सी उरते ती आजाऱ्यासाठी, म्हाताऱ्यासाठी, सामान असलेल्यासाठी, मध्यरात्री शेवटची गाडी चुकलेल्यासाठी आणि आपल्यासारख्या पाहुण्यासाठी. पायाभूत वाहतूक सार्वजनिक असली की टॅक्सी पूरक राहते. तिचे दर चालकाला जगवतील इतके ठेवले तरी सामान्य नागरिकाची अडवणूक होत नाही. जेथे बससेवा मोडकळीस आलेली असते, तेथे टॅक्सी व रिक्षा ही गरिबांची गरज बनते आणि मग चालक व उतारू हे दोन गरीब एकमेकांच्या समोर उभे केले जातात. ही पहिली तरफ.

रक्ताचा नव्हे, कायद्याचा इतिहास

आता रक्ताचा प्रश्न. ‘रिक्षा’ हा आपण रोज उच्चारतो तो शब्द मूळचा जपानी आहे. माणसाच्या बळाने चालणारी गाडी या अर्थाच्या ‘जिनरिकिशा’ या शब्दाचा तो तुकडा. १८७० च्या सुमारास टोकियोत ही गाडी सुरू झाली आणि तेथून ती शांघाय, सिंगापूर, कलकत्ता अशी आशियाभर पसरली. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा आपल्याकडे किती चिवट ठरली हे सांगावयास नको. डॉ. लोहिया असल्या रिक्षात बसण्यास नकार देत. तरी आपल्याच महाराष्ट्रातील माथेरानची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये द्यावा लागला.

रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेचा आरंभही टोकियोतच सापडतो. १८८२ साली तेथे घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय आला. तेव्हा लोकहक्क चळवळीतील ओकुनोमिया या कार्यकर्त्याने त्यांना संघटित करून ‘शाकाइतो’ नावाचा पक्ष काढला. जपानी भाषेत समाजवादी पक्षालाही ‘शाकाइतो’च म्हणतात. अक्षर मात्र वेगळे, त्यात ‘गाडी’ या अर्थाचे चिन्ह घातलेले. ‘गाडीवाल्यांचा पक्ष’ आणि ‘समाजवादी पक्ष’ यांचा हा श्लेष होता. सरकारला तो रुचला नाही. पक्ष अल्पायुषी ठरला. हाच ओकुनोमिया पुढे १९११ च्या जानेवारीत, सम्राटाविरुद्धच्या कटाच्या खटल्यात, कोतोकु शूसुई यांच्यासह फासावर गेला. जपानी श्रमिक जन्मतःच आज्ञाधारक असतो असे म्हणणाऱ्यांनी ही पाने अवश्य चाळावीत.

मोटार टॅक्सी टोकियोत आली ती १९१२ साली, सहा फोर्ड गाड्यांनिशी. परंतु आजच्या सौजन्याचा तिच्याशी संबंध जोडता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात, टोकियोच्या टॅक्सींना लोकांनी ‘कामिकाझे टॅक्सी’ असे नाव ठेवले होते. आत्मघातकी वैमानिकांवरून दिलेले हे नाव. बेफाम वेग, सिग्नल तोडणे, पादचाऱ्यांना उडवणे यांनी हे शहर त्रस्त झाले होते. याच शहरातील, याच रक्ताची ही माणसे. मग ती अशी का वागत होती? कारण त्यांचे उत्पन्न दिवसाच्या धंद्याच्या टक्केवारीवर अवलंबून होते आणि कंपन्या प्रत्येकाला रोजचा कोटा ठरवून देत. या कोट्याला जपानी भाषेत ‘नोरुमा’ म्हणत. हा मूळचा रशियन शब्द. सैबेरियातील छावण्यांत सक्तमजुरी करून परतलेल्या जपानी युद्धकैद्यांनी तो मायदेशी आणला. छावणीतला शब्द टॅक्सीच्या कचेरीत रुजला, यातच त्या कामाचे स्वरूप स्पष्ट होते.

१९६० च्या दशकात धंदा तेजीत आला तेव्हा रोग बदलला. जवळचे भाडे नाकारणे, लांबचे गिऱ्हाईक शोधत फिरणे, रात्री मनमानी पैसे मागणे सुरू झाले. मुंबईकराला हे वर्णन ओळखीचे वाटेल. त्यावर जपानी समाजाने ‘आमच्या लोकांचे रक्तच असे’ म्हणून हात झटकले नाहीत. १९७० साली टॅक्सी व्यवसायासाठी खास कायदा झाला. मोठ्या शहरांतील चालकांची नोंदणी, प्रशिक्षण, तक्रारींची चौकशी यासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. भाडे नाकारणे हा गुन्हा तर होताच, आता त्याची दाद मागण्याची जागाही झाली. टॅक्सी चालवण्यासाठी साध्या परवान्याखेरीज वरच्या वर्गाचा परवाना लागतो, तोही अनुभवाच्या अटीवर. टोकियोत शहराच्या भूगोलाची परीक्षाही असे. ती २०२४ मध्ये रद्द झाली. जितका धंदा जास्त तितका टक्का चढत जाईल अशी वेतनपद्धती चालकाला बेदरकार बनवते, हे ओळखून ती बंद करावी असे कामगार मंत्रालयाच्या १९८९ च्या परिपत्रकाने बजावले. आज जे सौजन्य आपण पाहतो ते अशा तीन-चार दशकांच्या खटपटीतून घडलेले आहे.

गोगलगाय आणि कंदील

या इतिहासातील एक प्रकरण आपल्या विचाराच्या माणसांना विशेष जवळचे वाटावे. कामिकाझे टॅक्सीवरचा उपाय शोधताना असा विचार पुढे आला की, जो चालक वर्षानुवर्षे अपघाताशिवाय गाडी चालवतो, त्याला जन्मभर कंपनीचा नोकर का ठेवावे? त्याला स्वतःच्या गाडीचा स्वतःच धनी होण्याचा परवाना द्यावा. डिसेंबर १९५९ मध्ये टोकियोत १७३ चालकांना असे पहिले परवाने मिळाले. ‘कोजिन टॅक्सी’, म्हणजे वैयक्तिक टॅक्सी, या नावाने ही पद्धत आजही चालू आहे. दीर्घ अनुभव आणि स्वच्छ नोंद या तिच्या अटी आहेत. एका माणसाला एकच गाडी, आणि ती त्याने स्वतःच चालवावयाची. परवाने गोळा करून सावकारी करण्यास तेथे वाव नाही.

हे एकएकटे धनी एकटे राहिले नाहीत, हे विशेष. त्यांनी सहकारी संस्था काढल्या. टोकियोच्या रस्त्यावर टपावर गोगलगाईच्या आकाराचा दिवा असलेल्या गाड्या दिसतात आणि कागदी कंदिलाच्या आकाराचा दिवा असलेल्याही दिसतात. त्या या व्यवसायातील दोन मोठ्या सहकारी संघटनांच्या खुणा आहेत. दहा वर्षे नीट काम केलेस तर तू स्वतःचा मालक होशील, ही आशा कंपनीच्या चालकाला दिसत असते. ती आशा पोलिसाच्या दंडुक्यापेक्षा अधिक शिस्त लावते. श्रमिकाच्या हाती साधन आले आणि साधनधारक श्रमिक सहकाराने जोडले गेले, तर उत्पादन ढासळते असे सांगणाऱ्या पुस्तकी अर्थशास्त्राला हा एक लहानसा पण पासष्ट वर्षांहून अधिक काळ टिकलेला जबाब आहे.

खुल्या बाजाराचा प्रयोग

तरीही या व्यवस्थेवर हल्ला झालाच. फेब्रुवारी २००२ पासून जपानने टॅक्सींच्या संख्येवरील नियंत्रण उठवले. तोपर्यंत मागणीचा अंदाज घेऊन गाड्यांना परवानगी मिळे. आता अटी पुऱ्या करणाऱ्या कोणालाही धंद्यात येण्यास मोकळीक झाली. स्पर्धा वाढेल, दर उतरतील, सेवा सुधारेल, असे सांगण्यात आले. नंतरच्या वर्षांत आपण आपल्याकडे ऐकले तेच हे शब्द.

झाले काय? गाड्या वाढल्या, प्रवासी त्या प्रमाणात वाढले नाहीत. सेंदाईसारख्या शहरात रिकाम्या टॅक्सींनी रस्ते तुंबले. ओसाकात सवलतींची चढाओढ लागली. टोकियोत तर दर उतरण्याऐवजी २००७ च्या अखेरीस पहिल्या टप्प्याचे भाडे ६६० वरून ७१० येनवर गेले. चालकांच्या कमाईचा ऱ्हास हे त्या दरवाढीचे एक समर्थन होते. यात नवल काहीच नाही. चालकाचे वेतन धंद्याच्या टक्केवारीत असेल, तर कंपनीला आणखी एक गाडी रस्त्यावर सोडण्याचा धोका फार थोडा असतो. दर गाडीमागे धंदा घटला तरी सर्व गाड्यांची बेरीज वाढत असेपर्यंत कंपनी फायद्यात राहते. तूट पडते ती चालकाच्या पगारात. तो ती भरून काढण्यासाठी अधिक तास राबतो, त्यामुळे रस्त्यावर रिकाम्या गाड्या आणखी वाढतात आणि कमाई आणखी घटते. येथे स्पर्धा कंपन्यांच्या नफ्याची होत नाही, ती चालकांच्या झोपेची होते.

अखेर २००९ साली खास कायदा करून सरकारला माघार घ्यावी लागली आणि २०१३ च्या दुरुस्तीने निवडक भागांत गाड्या कमी करण्याची सक्ती करण्याचीही सोय झाली. हे करणारे सरकार समाजवाद्यांचे नव्हते. २०१३ साली तर उघडउघड भांडवलशाहीचा पुरस्कार करणारा पक्षच सत्तेवर होता. मुक्त बाजाराचा प्रयोग सात वर्षे करून पाहिल्यावर त्यांना जे कळले, ते आपल्या नियोजनकारांनी प्रयोगाआधीच समजून घ्यावयास हरकत नव्हती.

झाकलेली बाजू

एवढ्यावरून टोकियोची टॅक्सी म्हणजे श्रमिकांचा स्वर्ग असे कोणी समजू नये. पाहुण्याच्या कौतुकात जी बाजू कधीच येत नाही ती सांगणे आपले कर्तव्य आहे. तेथील पुष्कळ कंपनी-चालक ‘एक दिवस आड’ या पद्धतीने काम करतात. म्हणजे सकाळी गाडी काढावयाची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत आणावयाची, नंतर एक दिवस विश्रांती. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसारही अशी एक पाळी २२ तासांपर्यंत चालू शकते, फक्त दोन पाळ्यांची सरासरी २१ तासांवर जाता कामा नये. यात मधली विश्रांती धरलेली आहे हे खरे, पण रात्री दोन वाजता हसतमुखाने दार उघडणारा माणूस आदल्या सकाळपासून गाडीत आहे, हे पाहुण्याला कोण सांगणार?

चालकांचे सरासरी वय साठीच्या आसपास आहे. स्त्रिया फार थोड्या. वेतनाचा मुख्य भाग अजूनही टक्केवारीचाच, आणि ही कमाई इतर उद्योगांतील सरासरी वेतनाच्या खाली राहत आली. करोनाच्या काळात रस्ते ओस पडले तेव्हा ज्येष्ठ चालक धंदा सोडून गेले. २०१९ नंतरच्या तीन-चार वर्षांत देशभरात चालकांची संख्या सुमारे एक पंचमांशाने घटली. नेमके त्यानंतर परदेशी पाहुण्यांचे लोंढे आले. २०२४ या एका वर्षात ३ कोटी ६८ लाखांहून अधिक पाहुणे त्या देशात उतरले. येनची किंमत घसरल्यामुळे त्यांना सारे स्वस्त वाटले. परंतु महागाईच्या तुलनेत जपानी कामगाराचे खरे वेतन २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे घटत होते. डॉलर मोजणाऱ्या पाहुण्याला टॅक्सी परवडत होती, त्यात या घटलेल्या वेतनाचाही वाटा होता.

चालकांचा तुटवडा दिसताच खासगी गाड्यांना मुभा द्या, अशी हाकाटी पुन्हा उठली. माजी पंतप्रधान योशिहिदे सुगा यांनी २०२३ साली तिला बळ दिले. जपानने यापूर्वी, २०१५ साली, उबरने फुकुओका शहरात चालवलेला खासगी गाड्यांचा प्रयोग थांबवण्यास सांगितले होते. धंद्याच्या गाडीला हिरवी पाटी आणि खासगीला पांढरी, असा तेथे नियम आहे. पांढऱ्या पाटीवर भाडे मारणे हा गुन्हा. अशा गाडीला ‘शिरोताकु’, म्हणजे पांढरी टॅक्सी, असे तुच्छतेने म्हणतात. जिको सोरेनसारख्या चालकांच्या संघटनांनी खासगी गाड्यांच्या मुभेला कडाडून विरोध केला. एप्रिल २०२४ मध्ये जी तडजोड झाली ती लक्षात घेण्यासारखी आहे. खासगी गाडी चालेल, पण टॅक्सी कंपनीच्या देखरेखीखाली. अपघाताची व चालकाच्या तपासणीची जबाबदारी कंपनीची. टॅक्सींचा तुटवडा असलेल्या ठरावीक भागांत व ठरावीक तासांतच ती चालेल आणि भाडे टॅक्सीच्या दरानेच आकारले जाईल. मोबाइलवरचे यंत्र गाडी बोलावण्याचे साधन राहिले, मालक बनले नाही. ही तडजोड कायम टिकेल असे नाही. बड्या भांडवलाचा दबाव चालूच राहणार. परंतु तंत्रज्ञान आले म्हणजे कायद्याने मान टाकलीच पाहिजे, हा आपल्याकडे पसरवलेला समज किती पोकळ आहे, हे त्यावरून कळते.

याच्या जोडीला आणखी एक बदल झाला. मार्च २०२४ मध्ये जपान सरकारने परदेशी कामगारांसाठी खुल्या असलेल्या व्यवसायांत वाहनचालकांचाही समावेश केला. एकवंशीयतेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या देशाला आपल्या टॅक्सीच्या चाकामागे परका माणूस बसवावा लागतो आहे. मुंबईत २००८ साली उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना रस्त्यात गाठून मारहाण झाली, ते दिवस आठवून पाहावेत. शहर चालवणारा श्रमिक कोणत्या प्रांतातून वा देशातून आला हे विचारणाऱ्यांनी तो कोणत्या वेतनावर राबतो हे कधी विचारले नाही.

आपल्यापुढील काम

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. संख्येवर नियंत्रण ठेवले की आत असलेल्यांचे फावते, बाहेरच्या बेकाराला धंद्यात येता येत नाही आणि उतारूला रात्री-अपरात्री गाडी मिळत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो केवळ भांडवलदारांचा म्हणून झटकता येणार नाही. नियंत्रण जर परवानाधारकांच्या मक्तेदारीचे साधन बनले, तर ते समाजवादी धोरण राहत नाही. परंतु त्यावरचा उपाय नियंत्रण मोडणे हा नाही. परवाना राबणाऱ्याच्याच हाती राहील, नवा माणूस अनुभवाने त्याला पात्र होईल, आणि नियम ठरवताना उतारूचाही आवाज ऐकला जाईल, अशी रचना करणे हा आहे.

हे स्वप्न आपल्याला परके नाही. मुंबईच्या टॅक्सीचालकांना जॉर्ज फर्नांडिस यांनी संघटित केले आणि श्रमिकांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून १९६८ साली बाँबे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक उभी राहिली. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह या नव्या नावाने चाललेल्या त्या बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, हेही येथे सांगितले पाहिजे. सहकाराचा डोलारा सभासदांच्या जागरूकतेवर उभा असतो. ती संपली की केवळ नाव उरते. गोगलगाय आणि कंदील टिकले आणि आपला दिवा मंदावला, यातील फरक रक्ताचा नाही. आपण संस्था उभारल्या आणि नंतर त्या राबवणे सोडून दिले.

आज मुंबई-पुण्याच्या चालकाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते आणि वागवते रोजंदाराप्रमाणे. गाडीचे कर्ज त्याचे, इंधन त्याचे, अपघात त्याचा. भाडे मात्र पडद्यामागचे यंत्र ठरवते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणीची मुभा कंपन्यांना दिली. अशा स्थितीत आपल्या कार्यकर्त्यांनी चार मागण्या हाती घ्याव्यात असे मला वाटते. भाड्याला वरची मर्यादा असावी तशी खालचीही असावी, आणि कंपनीने कापावयाच्या रकमेला कायद्याची सीमा असावी. सलग किती तास गाडी चालवावयाची याचे बंधन चालकावर न लादता ते काम देणाऱ्यावर लादावे. ठरावीक वर्षे निर्धोक गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा परवाना हक्काने मिळावा आणि अशा परवानाधारकांच्या सहकारी संस्थांना गाडी बोलावण्याचे स्वतःचे यंत्र उभारण्यास सार्वजनिक भांडवल द्यावे. आणि भाडे नाकारल्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावर चालक व उतारू या दोघांचेही प्रतिनिधी असावेत.

या चारही मागण्यांच्या बुडाशी पाचवी आहे, आणि ती सर्वांत मोठी. बेस्टसारख्या सार्वजनिक बससेवेच्या स्वतःच्या गाड्यांची संख्या वर्षानुवर्षे घटत गेली, ती पुन्हा वाढली पाहिजे. बसच्या थांब्यावर तासभर तिष्ठणारा माणूस रिक्षावाल्याशी हुज्जत घालतो, तेव्हा त्या दोघांचाही खरा प्रतिवादी तेथे हजर नसतो. त्याला समोर आणणे हे चळवळीचे काम आहे. पुढच्या वेळी आपल्या बैठकीत कोणी जपानच्या टॅक्सीचे गोडवे गाऊन आपल्या रिक्षावाल्याला नावे ठेवू लागला, तर त्याला थांबवू नये. त्याचे वर्णन पुरते ऐकावे, आणि मग १९५० च्या दशकातील कामिकाझे टॅक्सी, १९५९ चे १७३ परवाने, १९७० चा कायदा आणि २००२ ची चूक ही हकिगत त्याला क्रमाने सांगावी. आपल्या प्रचाराला याहून सोपा पाठ सहसा मिळत नाही.